वन्संची स्थगिती

लग्न ठरलं तेव्हा मला सांगितलं होतं की धाकट्या नणंदेला जन्मापासून दिसत नाही, तिला सांभाळून घ्यावं लागेल. मी सांभाळून घ्यायच्या पूर्ण तयारीनेच त्या घरात गेले. पहिल्याच आठवड्यात नणंदबाई मला म्हणाल्या, "वहिनी, तू हसायच्या आधी श्वास घेतेस. खऱ्या हसण्याला एवढी तयारी लागत नाही." मला खरंच हसू फुटलं. त्या म्हणाल्या, "हां, हे तुझं." तेव्हापासून कोण कुणाला सांभाळतंय याचा हिशेब आम्ही दोघींनी कधी ठेवला नाही.

मी त्यांना वन्सं म्हणायची. वयाने माझ्याहून लहान, पण नात्याने मान मोठा. त्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या. आताच्या मुलांना हे समजावून सांगावं लागतं. तेव्हा फोन थेट लागत नसे. कुणी फोन उचलला की एक्सचेंजमधल्या उंच बोर्डावर त्या नंबरची छोटीशी झडप टप्कन खाली पडायची. समोर बसलेली बाई दोरीचं पितळी टोक झडपेखालच्या भोकात खुपसून म्हणायची, "नंबर सांगा." मग दुसरी दोरी हव्या त्या भोकात. डोळस बायका झडप बघायच्या, वन्सं ती ऐकायच्या आणि बोटांनी गाठायच्या. परगावचा कॉल असला तर तिथल्या ऑपरेटरला बोलवायचं, आणि दर तीन मिनिटांनी मध्ये येऊन विचारायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवू?"

त्यामुळे देशभरातले ऑपरेटर त्यांच्या ओळखीचे. ओळख आवाजाची, भेट कुणाशीच नाही. बोर्डावर नाव सांगायची परवानगी नव्हती, म्हणून वन्संनी आपल्या मनानेच सगळ्यांना नावं दिलेली. बंदरावरच्या एक्सचेंजमध्ये एक गृहस्थ होते. त्यांच्या पाठीमागे सतत जहाजांचे भोंगे वाजायचे, म्हणून ते भोंगेवाले. डोंगरातल्या कुठल्याशा गावात एक मुलगी होती. तिला काहीही सांगा, ती म्हणायची, "बरं, पुढे काय?" ती पुढेकाय. हे दोघंही वन्संसारखेच अंध. असे आणखीही होते. जेवताना वन्सं त्यांच्या बातम्या अशा सांगायच्या, जणू सगळे भिंतीपलीकडे राहतात.

"भोंगेवाल्यांचा घसा बसलाय आज."

"मग गरम पाणी पाठवू का तारेतून?" आमचे हे विचारायचे. हे म्हणजे वन्संचे दादा.

"तू गप रे. पुढेकायचंही काहीतरी बिनसलंय. एकदासुद्धा पुढे काय म्हणाली नाही."

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना सरकारचा नियम आला. कुठल्याशा एक्सचेंजला आग लागली होती. बाहेर पडताना गोंधळ उडाला, काही माणसं भाजली. त्यानंतर दूरध्वनी खात्याने देशभरासाठी एकच हुकूम काढला. बोर्डावर बसणाऱ्या प्रत्येकाने नजरेची परीक्षा द्यायची, आणि नापास होईल त्याची नोकरी पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला संपणार. हुकूम वाईट मनाने काढला होता असं मी आजही म्हणणार नाही. आग खरी होती, भाजलेली माणसं खरी होती. फक्त लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वन्संसारखं माणूस कधी आलेलं नसावं.

त्या दिवशी वन्सं घरी आल्या, चपला काढल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, आज सरकारने पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांकडे पाहिलं." आणि हातपाय धुवायला निघून गेल्या.

ह्यांनी लगेच जाहीर करून टाकलं, "गेली तर गेली नोकरी. मी आहे ना! तुला काय कमी पडू देईन?"

"तू आहेस म्हणूनच मला नोकरी हवी, दादा. तुझ्यावर रुसायचं झालं तर निदान ताटातलं माझ्या कमाईचं असायला नको?"

"म्हणजे रुसायची सोय म्हणून नोकरी?"

"मग? तुझ्यासारख्या भावाबरोबर राहायचं म्हणजे थट्टा आहे?"

दोघंही हसले, पण वन्संच्या हातातली भांडी त्या दिवशी जरा जोरात वाजली.

आम्ही वकील शोधला. तीही बाईच मिळाली, नवीनच वकिली सुरू केलेली. ऑफिस म्हणजे शिंप्याच्या दुकानावरची खोली. खाली दिवसभर चार-पाच शिवणयंत्रं धडधडायची. त्यामुळे वकीलबाईंना ओरडून बोलायची सवय लागलेली. कोर्टातही त्या तशाच बोलायच्या आणि न्यायाधीश म्हणायचे, "बाई, मला ऐकू येतं."

वकीलबाईंनी समजावून सांगितलं. नियम टिकेल की रद्द होईल हे ठरायला वर्षं जातील. तोवर तो लागूच होऊ नये म्हणून आधी स्थगिती मागायची. "आता ही स्थगिती तुमच्यापुरती मागू," त्यांनी विचारलं, "की देशभरासाठी?"

"नियम देशभर आहे ना?" वन्सं म्हणाल्या.

"नियम आहे. पण कोर्टात तुम्ही एकट्या आलात."

"बाकीच्यांना इथे यायला रजा कोण देतंय?"

वकीलबाईंनी लिहून घेतलं, देशभर.

सुनावणीच्या दिवशी आम्ही तिघं तिसऱ्या बाकावर बसलो. न्यायाधीश वयस्क होते. ऐकता ऐकता छोट्या चाकूने पेन्सिल तासायची त्यांची सवय. सरकारी वकील उंच, गोड आवाजाचे आणि कमालीचे सभ्य. आत शिरताना त्यांनीच आम्हाला दार उघडून धरलं होतं. त्यांचा राग येईना, याचाच मला राग येत होता.

ते बोलायला उभे राहिले ते बोलतच राहिले. आग, धूर, सुरक्षितता, खात्याची जबाबदारी. मध्ये एकदा ते श्वास घ्यायला थांबले, आणि माझ्या शेजारून स्वच्छ, कामाच्या आवाजात वन्सं म्हणाल्या, "तीन मिनिटं झाली, वाढवू?"

आपण काय बोललो हे वन्संच्या लक्षात आलं आणि त्यांचे कान लालबुंद झाले. न्यायाधीशांच्या हातातली पेन्सिल थांबली. ते म्हणाले, "वाढवा."

मग जो हशा पिकला! सरकारी वकीलही हसले, वन्संच्या दिशेने मान लववून म्हणाले, "आभारी आहे. एवढ्यात फोन ठेवतो."

मधल्या सुट्टीत तेच सरकारी वकील व्हरांड्यात आमच्या बाकापाशी आले. त्यांनी खात्याशी बोलणं केलं होतं. खातं वन्संपुरता अपवाद करायला तयार होतं. याच एक्सचेंजमध्ये, निवृत्त होईपर्यंत नोकरी. अट एकच, अर्ज मागे घ्यायचा. "मला मनापासून वाटतं, तुम्ही घ्यावं," ते म्हणाले, आणि ते खरं बोलत होते हे वन्संना माझ्याआधी कळलं असणार.

"सुटलो!" हे म्हणाले. "घेऊन टाक. पदरात पडतंय ते घे आणि घरी चल."

वन्संनी वकीलबाईंना विचारलं, "मी हे घेतलं तर खटल्याचं काय?"

वकीलबाई त्या दिवशी पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या. "घेतलंत तर तुमची तक्रार उरत नाही. आणि तक्रार नसलेल्या माणसाचं कोर्ट ऐकत नाही. खटला इथे संपला. नाही घेतलंत आणि साहेबांनी स्थगिती नाकारली, तर पहिल्या तारखेला तुम्ही घरी आणि हे बोलणंही रद्द."

"आणि साहेबांनी फक्त मलाच दिली तर?"

"तर तुम्ही राहाल, बाकीचे जातील."

"म्हणजे आत्ता मिळतंय तेच!" हे म्हणाले. "मग धोका कशाला पत्करायचा? फरक काय त्यात?"

"फरक एवढाच," वन्सं म्हणाल्या, "की तिथे बाकीच्यांना कोर्टाने सोडलं असेल, इथे मी."

"अगं, पण त्या लोकांना तू ओळखतेस तरी का? कधी चेहरा तरी..." हे बोलता बोलता अडखळले.

वन्सं खळखळून हसल्या. "चेहरा तर मी तुझाही नाही पाहिला, दादा."

हे उठले आणि व्हरांड्याच्या टोकाला पाठ करून उभे राहिले. पाठीवरूनच कळत होतं की माणूस रागावला कमी आणि घाबरला जास्त. बहिणीने बोर्डावर पहिल्यांदा नोकरी मिळवली तेव्हा ह्यांनी महिनाभर लपून तिच्या मागे मागे चालत जाऊन ती नीट पोचते का ते पाहिलं होतं. वन्संना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, पावलं ओळखीची होती. पण त्यांनी ह्यांना कधी कळू दिलं नाही.

वन्संनी माझा हात धरला. "वहिनी, मघाशी श्वास घेतलास. बोल काय ते."

माझ्या मनात होतं, घ्यावं. रोज सकाळी त्यांचं ते लगबगीने निघणं मला हवं होतं. पण जे बोलले ते वेगळंच. "घरी जाताना मीच तुम्हाला नेणार आहे, वन्सं. रस्ताभर तुम्ही गप्प बसलात तर मला चालायचं नाही. तेवढं बघा आणि काय ते ठरवा."

त्यांनी माझा हात दाबला आणि सोडला. मग वकीलबाईंना म्हणाल्या, "त्यांना सांगा, आभारी आहे. पण लाइन चालू ठेवा."

दुपारी प्रश्न निघाला तो एवढाच, की एका न्यायाधीशाचा हात किती लांब पोचावा. सरकारी वकील म्हणाले, "साहेब, सरकार सगळ्या देशाने निवडलंय. एका गावातल्या एका खुर्चीने सगळ्या देशाचं धोरण थांबवायचं ठरवलं, तर उद्या दुसऱ्या गावातली दुसरी खुर्ची एखादं चांगलं धोरणही थांबवेल. तेव्हा याच बाई रडतील. द्यायचीच असेल तर अर्जदाराला द्या. जे आलेच नाहीत, त्यांना काय हवंय हे आपल्याला काय ठाऊक?"

मला ते पटलं. आजही थोडंसं पटतं. टीव्हीवर हे वाद चालू झाले की माझा नातू सरकारची बाजू घेतो आणि सून कोर्टाची, आणि मी दोघांनाही मान डोलावते म्हणून दोघंही माझ्यावर चिडतात.

न्यायाधीशांनी वन्संना उभं केलं. "बाई, बाकीच्यांना काय हवंय हे तुम्हाला ठाऊक आहे?"

"रोज बोलणं होतं, साहेब. बंदरावरचे आहेत, ते वयात आलेल्या मुलीचं शिक्षण करतायत. डोंगरातली एक आहे, तिला घरी परत पाठवतील म्हणून ती जेवत नाहीये. बोलायला बंदी आहे, पण लाइन लागेपर्यंत थोडं होतं."

"बंदी असताना बोलता, हे कोर्टात सांगताय?"

"विचारलंत म्हणून सांगितलं."

"हे मी लिहून घेत नाही," न्यायाधीश म्हणाले. मग पेन्सिलीचं टोक बघत राहिले. "माझं मन तुमच्या बाजूने आहे हे उघड आहे. पण मनावर हुकूम लिहिता येत नाही, त्याला कायदा लागतो. मला वेळ हवा."

त्या वेळात पहिली तारीख उजाडली आणि वन्सं घरी बसल्या. ते दिवस आठवले की मला आजही हसू आणि रडू एकदमच येतं. दारावर कुणी टकटक केली की त्या माझ्याआधी उठायच्या. गवळ्याला म्हणायच्या, "कोण हवंय?" माझं स्वयंपाकघर त्यांनी असं लावून टाकलं की मला माझाच चमचा सापडेना. बोलणं मात्र कमी झालं. एका सकाळी मी पाहिलं, भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि बोटं मांडीवर नुसतीच सरकत होती, वर, खाली, डावीकडे. मी आल्याचं कळताच हात पदराखाली गेले.

हे बहिणीशी अबोला धरून होते. पण त्याच दिवशी, स्वतःच्या उशाशी गजराचं घड्याळ असताना, हे वन्संच्या दाराशी येऊन म्हणाले, "उद्यापासून मला सकाळी हाक मार. घड्याळाचा भरवसा नाही." वन्सं म्हणाल्या, "बरं." घड्याळ उत्तम चालत होतं, ते त्यांनाही खोलीतून ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात पहाटे आवाज घुमायचा, "दादा, तुमचा कॉल आहे!" आणि हे पांघरुणातून म्हणायचे, "चुकीचा नंबर!"

हुकमाच्या दिवशी कोर्टात फारशी माणसं नव्हती. न्यायाधीशांनी चष्मा लावला आणि वाचायला लागले. सगळं माझ्या लक्षात नाही, पण काही वाक्यं राहिली आहेत. "सरकारी वकील म्हणतात ते खरं आहे. एका खुर्चीने देश थांबवणं ही नेहमीची गोष्ट होऊ नये. हा अधिकार वापरताना मला भीती वाटते, आणि ती वाटायलाच हवी. पण हा हुकूम देशभर एकच आहे, आणि तो काढताना खात्याने एकाही अंध ऑपरेटरला काही विचारलं नाही, एकाचंही काम पाहिलं नाही. तो या गावात कायद्याला सोडून असेल तर बंदरावर तो कायदेशीर होत नाही. अर्जदार बाई इथे येऊ शकल्या, कारण त्यांना घेऊन येणारं कुणी होतं. ज्यांना तसं कुणी नाही, त्यांनी केवळ त्यासाठी नोकरी गमवावी, हे मला मान्य नाही. अंतिम निकाल लागेपर्यंत या नियमाला देशभर स्थगिती."

वकीलबाई ओरडल्या, "आभारी आहे, साहेब!" आणि न्यायाधीश म्हणाले, "ऐकू येतं."

पुढे सरकार वरच्या कोर्टात गेलं. तिथे एका न्यायाधीशाचा हात किती लांब पोचावा यावर मोठमोठ्या वकिलांनी वर्षानुवर्षं खल केला. स्थगिती तेवढी टिकली. तोवर आपोआप फोन जोडणारी यंत्रं आली, बोर्डच गेले, आणि सरकारने तो नियम गुपचूप मागे घेतला. मूळ प्रश्नाचं उत्तर कुणी दिलंच नाही. वन्सं तोवर नोकरी पुरी करून निवृत्त झाल्या होत्या.

पण मला सांगायचंय ते हुकमानंतरच्या सकाळचं.

वन्सं न्हाऊन, वेणी घालून उजाडल्या उजाडल्या तयार. मी त्यांना घेऊन एक्सचेंजवर गेले. तिथल्या प्रमुख, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, दारातच उभ्या राहिल्या. "मला कालच कळलं आणि मला आनंदच आहे. पण माझ्याकडे कागद आला नाही. कागदाशिवाय मी आत घेऊ शकत नाही."

कोर्ट एक्सचेंजपासून दोन गल्ल्यांवर. पण हुकूम असा चालत येत नाही. तो आधी राजधानीत मुख्य कचेरीत गेला, तिथून तारेने विभागांच्या कचेऱ्यांना, आणि विभागातून एक्सचेंजला. आमच्या विभागाचा कारकून रजेवर होता.

"बसते इथे," वन्सं म्हणाल्या.

बोळात एक लाकडी बाक होता, त्यावर आम्ही दोघी बसलो. आतून झडपांचा टप टप आवाज येत होता. एखादी झडप पडून तशीच राहिली की वन्संची मान तिकडे वळायची. थोड्या वेळाने हे आले. ऑफिसला दांडी मारून कोर्टात गेले होते, हुकमाची शिक्का मारलेली नक्कल मागायला. तिथे म्हणाले, परवा या. हे वन्संच्या दुसऱ्या बाजूला बसले.

"ऑफिस?" वन्संनी विचारलं.

"डोकं दुखतंय म्हणून सांगितलंय."

"दुखतंय?"

"तुझ्यामुळे. बरेच दिवस."

उन्हं बोळात बरीच आत आली तेव्हा दार उघडलं. मोठ्या बाई स्वतः, गळ्यात बोर्डावरचा हेडफोन अडकवलेला, चेहरा वैतागलेला.

"अहो, बंदरावरचे ते गृहस्थ सकाळपासून मला हैराण करतायत. 'मी बसलोय, तुमच्या बाई का नाहीत?' प्रत्येक कॉलला तेच. डोंगरातून ती मुलगी विचारते. आणखी कुठून कुठून विचारतायत, मला तर गावांची नावंही नीट कळली नाहीत. सगळे आपापल्या बोर्डावर आहेत, फक्त आमच्याच बाई बाकावर!"

"बंदरावर कागद पोचला?" वन्संनी विचारलं.

"काल संध्याकाळीच."

"आणि डोंगरात?"

"तिथेही. मी सांगतेय काय मघापासून? सगळीकडे पोचला, आमच्याकडेच यायचाय. येईल तेव्हा येईल, मी बघून घेईन. उठा आता, परगावच्या लाइनी तुंबल्यात."

मी वन्संच्या कोपराला हात लावला. त्या उठल्या नाहीत. हात मांडीवर ठेवून तशाच बसून राहिल्या.

"वन्सं, उठा ना. बोलावतायत."

"थांब गं जरा, वहिनी," त्या म्हणाल्या. "सगळीकडे पोचला म्हणतायत."

मोठ्या बाई दार तसंच उघडं धरून उभ्या राहिल्या. वन्संनी नाक पुसलं, वेणी नीट केली, आणि भिंतीला हातही न लावता सरळ आत गेल्या. दार लागलं.

आम्ही दोघं बाकावर तसेच. आता बसायचं काही कारण उरलं नव्हतं. आतून टप टप येत होतं, आणि त्यातच वन्संचा आवाज, "नंबर सांगा."

"निघू या का?" मी विचारलं.

"बसू जरा," हे म्हणाले, आणि खिशातून रुमाल काढला.